काठी वाटली, रस्ता राहिला

वीज गेली की माझी गल्ली हरवते. डोळस माणसाला हे उलटं वाटेल. वीज गेल्यावरचा अंधार त्याच्या वाट्याचा. दिवा असला काय नि नसला काय, मला सारखंच. पण मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि आमच्या गल्लीत अजून माग चालतात. कोपऱ्यावरच्या कारखान्यात आठ माग होते, त्यांचा आवाज जाड, एकात एक मिसळलेला. पुढं एका घरात दोनच माग, त्यांची खटखट वेगवेगळी ओळखू येते. मग बोळ लागतो. तिथं डाव्या कानावरचा आवाज एकदम गळून पडतो आणि गालाला वारं लागतं. बोळ ओलांडला की अकरा पावलांवर आमचा उंबरा. रोज संध्याकाळी कामावरून परतताना मी हे सगळं वाचत येतो, तुम्ही दुकानांच्या पाट्या वाचता तसं. मध्येच वीज गेली की सगळे माग थांबतात आणि पाट्या पुसल्या जातात. मग मी भिंतीकडं सरकतो, काठीचा फेरा जरा रुंद करतो आणि पावलं मोजायला लागतो.

हे आधी सांगितलं, कारण अंध माणूस म्हणजे अंधारात चाचपडणारा ही समजूत आपल्या भाषेतच मुरलेली आहे आणि आमच्यासाठी जे काही केलं जातं ते तिच्याच पायावर उभं असतं. चाचपडणाऱ्याला आधार हवा, म्हणून काठी द्यायची. काठी दिली, फोटो काढला, विषय मिटला. माझं म्हणणं साधं आहे. जागा आम्हाला कळते. ती नीट वाचायला शिकवणारा माणूस आणि रोज उठून न बदलणारा रस्ता, या दोन गोष्टींवर पैसा खर्च झाला पाहिजे. आज तो वस्तूंवर होतो.

मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. शाळेत असताना संध्याकाळी दिसेनासं व्हायचं, तिशीत सगळंच गेलं. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात मलाही पांढरी काठी मिळाली. सगळ्यांना एकाच लांबीच्या काठ्या होत्या. माझ्या शेजारी खेड्यातून आलेले एक आजोबा बसले होते, उंच असावेत, आवाज वरून यायचा. त्यांनी काठी हातात घेऊन विचारलं, "ही टेकायची का पुढं धरायची?" कुणी सांगितलं नाही. हार, भाषण, चहा झाला आणि आम्ही आपापल्या माणसांचा हात धरून घरी आलो. मी ती काठी म्हाताऱ्या माणसासारखी टेकत चार दिवस वापरली, एकदा उघड्या गटारात पाय गेला आणि ती दाराआड उभी करून ठेवली. तिला दोष नव्हता. ती कशी बोलते हेच मला माहीत नव्हतं.

पुढं पुण्याला जाऊन मोबिलिटी, म्हणजे अंध माणसानं एकट्यानं चालण्याची विद्या, शिकलो. आमच्या बाईंनी पहिल्याच दिवशी काठी माझ्या छातीला लावून पाहिली. साधारण छातीच्या हाडापर्यंत हवी, त्याहून आखूड असेल तर सूचना उशिरा मिळते. मग फेरा शिकवला. उजवा पाय पुढं पडतो तेव्हा टोक डावीकडं, डावा पडतो तेव्हा उजवीकडं. म्हणजे पाय जिथं पडणार ती जागा काठीनं आधीच तपासलेली असते. मनगट पोटासमोर, मधोमध. फेरा खांद्यांहून किंचित रुंद. ऐकायला पाच मिनिटांचं काम आहे, पण अंगात मुरायला मला आठवडे लागले, कारण घाबरलं की मनगट आपोआप एका बाजूला जातं आणि माणूस तिरका चालायला लागतो. ही पद्धत रिचर्ड हूवर यांनी दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी १९४४ च्या सुमारास बसवली. काठी तर माणसाच्या हातात हजारो वर्षं होती. ती कशी वापरायची याचं शास्त्र व्हायला मात्र विसावं शतक अर्धं सरावं लागलं. नुसती काठी वाटणं म्हणजे त्या शास्त्राच्या आधीच्या काळात परत जाणं.

काठीच्या टोकाचा आवाजही वाचावा लागतो. शहाबादी फरशीवर तो टणक येतो, डांबरावर बोथट, गटाराच्या झाकणावर पोकळ. आणि तो आवाज समोर जाऊन परतही येतो. उभ्या टेंपोच्या बाजूनं जाताना चेहऱ्यावर सावली पडल्यासारखं वाटतं. जुने अंध लोक म्हणायचे की ते चेहऱ्याच्या कातडीनं भिंत ओळखतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मायकेल सुपा, मिल्टन कॉट्झिन आणि कार्ल डॅलनबाख यांनी हे तपासलं आणि १९४४ साली निष्कर्ष छापले. सुपा स्वतः अंध होते. चेहरा जाड कापडानं झाकला तरी माणसं भिंतीच्या आधी थांबत. कान बंद केले की जाऊन धडकत. म्हणजे काम कानाचं, जाणीव मात्र चेहऱ्यावर. पट्टी बांधलेल्या डोळस लोकांनाही सरावानं हे जमलं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. देवानं एक घेतलं तर दुसरं देतो, असं लोक मला कौतुकानं म्हणतात. तसं काही नाही. ही शिकवता येणारी विद्या आहे आणि शिकवता येते म्हणूनच ती न शिकवणं हा अन्याय आहे.

कान आणि काठी जवळचं सांगतात. पण अख्खं गाव डोक्यात कसं बसतं? १९८१ साली बार्बरा लँडाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अडीच वर्षांच्या जन्मांध मुलीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत आई एका जागी, बाकीच्या वस्तू वेगवेगळ्या बाजूंना. मुलीला आईपासून एकेका वस्तूपर्यंत नेऊन परत आणलं. मग तिला एका वस्तूकडून थेट दुसरीकडं जायला सांगितलं, ज्या वाटेनं ती कधी गेलीच नव्हती. पोरगी बरोबर दिशेनं निघाली. डोळ्यांनी काहीच न पाहिलेल्या तान्ह्या डोक्यात खोलीचा नकाशा तयार होता. नकाशा म्हणजे चित्र नव्हे. कुठली गोष्ट कुठल्या बाजूला, किती लांब, हे माहीत असणं म्हणजे नकाशा.

माझा नकाशा सुताचा आहे. ट्रेनिंग संपवून घरी आलो तेव्हा बाईंनी सांगितलं होतं त्याप्रमाणं माझ्या पुतणीनं पुठ्ठ्यावर सूत चिकटवून आमचा सात रस्ता चौक केला. मोठ्या रस्त्याला दुहेरी धागा, गल्लीला एकेरी, सिग्नलला गाठ, बसथांब्याला तूरडाळीचा दाणा. आमच्या घरात सुताला काय तोटा! मी त्यावरून बोट फिरवलं आणि गप्पच झालो. दिसत होतं तेव्हा मी त्या चौकातून शेकडो वेळा गेलो होतो, रिक्षात, सायकलवर. सातही रस्ते सरळ रेषेत निघतात असंच मनात होतं. बोटाला कळलं की ते पंख्यासारखे पसरलेत, दोन रस्ते अगदी अंगाला अंग लावून आहेत, आणि मी कायम चुकायचो ते नेमका त्या दोघांमध्ये. "काका, इथं तुमची गडबड होते बघा," म्हणत पुतणीनं माझं बोट त्या दोन धाग्यांच्या बेचक्यात ठेवलं. त्यानंतर तिथं मी चुकलो नाही. एका पुठ्ठ्याला आणि मूठभर सुताला किती खर्च येतो? चादरी-टॉवेलांच्या या गावात प्रत्येक अंध पोराच्या दप्तरात त्याच्या वाटेचा असा नकाशा का असू नये, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

यंत्रांच्या मी विरोधात नाही. हा लेख मी मोबाइलवर, पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या टॉकबॅकच्या मराठी आवाजाच्या मदतीनं लिहितोय. औषधाच्या बाटलीवरची तारीख, नोटेची किंमत, नळपट्टीचं बिल हे सगळं फोन वाचून दाखवतो. २०१५ पासून 'बी माय आइज' या ॲपवर जगातला कुणीतरी अनोळखी माणूस कॅमेऱ्यातून बघून सांगतो की शर्ट निळा आहे की काळा. आता तेच काम कृत्रिम बुद्धिमत्ताही करते. आयआयटी दिल्लीनं बनवलेली स्मार्टकेन मी वापरून पाहिली आहे. काठीच्या मुठीला बसवलेलं ते उपकरण अल्ट्रासॉनिक लहरी सोडतं आणि समोर, गुडघ्याच्या वरच्या उंचीवर काही असेल तर तीन मीटरपर्यंत अंतरावरून मूठ थरथरवून सांगतं. सोलापुरात याची खरी गरज आहे. आमच्याकडं गल्लीत उभ्या टेंपोतून बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले मोठे रूळ, बाहेर आलेले असतात, बरोबर छातीच्या उंचीवर. साधी काठी खालून बिनबोभाट निघून जाते आणि बीमचा लोखंडी दांडा बरगडीत बसतो. दुकानांच्या ताडपत्र्यांचे दोर, कललेले फलक यांचंही तसंच. तिथं ते यंत्र वाचवतं.

पण यंत्राची धाव ओळखून असावं. फोनवरच्या जीपीएसमध्ये मोकळ्या आकाशाखालीसुद्धा चार-पाच मीटरचा फरक सहज पडतो, चिंचोळ्या गल्लीत त्याहून जास्त. गाडीवाल्याला पाच मीटर म्हणजे काहीच नाही. मला पाच मीटर म्हणजे दुकानाचं दार आणि गटार यांमधला फरक. शिवाय मायक्रोसॉफ्टचं साउंडस्केप नावाचं सुंदर ॲप होतं. हेडफोनमध्ये ज्या दिशेला इमारत, त्या दिशेनं तिचं नाव ऐकू यायचं. २०१८ साली आलं, २०२३ साली कंपनीनं बंद केलं, त्याचा कोड खुला झाला तेवढंच. दूरच्या कंपनीच्या निर्णयानं माझ्या डोक्यातला नकाशा मिटू नये, म्हणून तरी पायाखालच्या खुणा पक्क्या हव्यात. माझ्या काही अंध मित्रांना हे पटत नाही. ते म्हणतात, पाच वर्षं थांब, चष्माच सगळं सांगेल. सांगू दे, आनंदच आहे. तरी रस्ता ओलांडताना मला गाडीचा आवाज चष्म्याच्या आधी ऐकू यायला हवा.

आवाजाविषयी मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण डोळसांना इथली आमची अडचण दिसतच नाही. सोलापूर हे मिरवणुकांचं गाव. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे नंदीध्वज निघतात तेव्हा मीही वाटेवर उभा असतो. हलगीचा आवाज कुठून येतोय, किती लांब आहे, वळला कधी, गर्दी कुठं दाटली, सगळं कळतं. तो आवाज स्वतःच एक नकाशा असतो. डीजेचं तसं नाही. तो चारी बाजूंनी भिंतीसारखा उभा राहतो. काठीचा आवाज, पावलं, रिक्षाचा हॉर्न, कडेच्या माणसाचं बोलणं, सगळं त्यात बुडतं. कुणाची जयंती, कुणाचा उत्सव हा मुद्दाच नाही, माझीही श्रद्धास्थानं त्यात आहेत. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहाच्या आत डीजे बंद झाला की कायदा पाळला, असं आपण मानतो. पण मला वाट हवी असते संध्याकाळी सहाला. डीजे लागला की मी खऱ्या अर्थानं आंधळा होतो, आणि तेवढ्या वेळेपुरतं मला कुणाचा तरी हात धरून घरी यावं लागतं.

दुसऱ्या टोकाला विजेवरच्या गाड्या. त्या हव्यातच, या उन्हाच्या गावाला धूर कमी झालेला बरा. पण त्यांचा आवाज इतका कमी की ई-रिक्षा अंगाशी आल्यावर कळते. युरोपात जुलै २०२१ पासून विजेवर चालणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला कमी वेगात ठरावीक आवाज करणं सक्तीचं आहे, ते याच कारणासाठी.

आता फुटपाथवरच्या, अंधांसाठी बसवलेल्या त्या पिवळ्या फरशा. जपानचे सेइची मियाके यांनी आपल्या दृष्टी कमी होत चाललेल्या मित्रासाठी त्या शोधल्या आणि १८ मार्च १९६७ रोजी ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. त्यांची भाषा दोनच अक्षरांची. लांब उभ्या पट्ट्या म्हणजे चालत राहा, गोल उंचवटे म्हणजे थांब, पुढं काहीतरी आहे. दोनच अक्षरं आहेत म्हणून एकही चुकून चालत नाही. आपल्या शहरातल्या एका नव्या कोऱ्या फुटपाथवर मी या फरशांवरून चालत गेलो. पायाला पट्ट्या लागत होत्या, फार बरं वाटलं, चाल आपसूक वाढली. पट्ट्या सांगत होत्या, चालत राहा. आणि मी विजेच्या डीपीच्या लोखंडी पेटीवर आदळलो. पेटीच्या आधी गोल उंचवट्यांची एकही फरशी नव्हती. पेटी आधीपासून तिथं होती, फरशा नंतर तिच्यापर्यंत आणून सोडल्या होत्या. बसवणाऱ्याला ती रंगीत नक्षी वाटली असणार. त्याला दोष देऊन काय उपयोग? त्याला कुणी सांगितलंच नाही की हा मजकूर आहे. रस्ता झाल्यावर बिल काढण्याआधी एका अंध माणसाला काठी घेऊन त्यावरून चालवा, एवढी एक अट निविदेत घातली तर हे थांबेल.

कायदा आमच्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, नियम जून २०१७ चे, आणि सध्याच्या सार्वजनिक इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी नावाच्या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ८ नोव्हेंबर २०२४ ला तिच्यात न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, आणि केंद्राला तसे नियम करायला तीन महिने दिले. एकोणीस वर्षं लागली हे ऐकायला. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग डिसेंबर २०२२ मध्ये झाला. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. म्हणजे पैसा आहे, कायदा आहे. माझं भांडण तो पैसा कशावर जातो याच्याशी आहे.

त्या निधीतून दोन मोबिलिटी शिक्षक नेमा. एक पुरुष, एक बाई. त्यांनी शाळेत येणाऱ्या मुलांबरोबर, आणि मधुमेहानं किंवा काचबिंदूनं उतारवयात दृष्टी गेलेल्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याच गल्लीत, त्यांच्याच बसथांब्यापर्यंत शिकवावं. बाई मी मुद्दाम म्हणतो. माझ्या ओळखीची एक मुलगी बी.ए. झाली आहे, संगणकावर माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं काम करते. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ती एकटी कधी गेलेली नाही. भाऊ म्हणतो, "आम्ही आहोत की सोडायला." तो प्रेमानंच म्हणतो. पण तिनं कुठं जायचं, कधी जायचं हे भावाच्या वेळेवर ठरतं. पुरुष शिक्षकाबरोबर रस्त्यावर महिनाभर फिरायला ते घर तयार होणार नाही, हे ती आणि मी दोघंही जाणतो. तिला स्मार्टकेन देऊन काय होईल?

मला लोक विचारतात, गावाला पाणी चार-चार दिवसांआड येतं आणि तुम्हाला फरशा सुचतात का? पाण्यासाठी मीही बादल्या भरून ठेवतो. पण मी नव्या रस्त्यासाठी पैसे मागत नाही. रस्ते खोदले जातातच, फुटपाथ होतातच, फरशा येतातच. ज्या फरशीचे पैसे दिलेच आहेत ती बरोबर बसवा एवढंच मागणं आहे. आणि बसमध्ये कंडक्टरनं थांब्याचं नाव मोठ्यानं पुकारावं, याला तर दमडीही लागत नाही. सोलापुरात माझ्यासाठी सगळ्यात सोयीचं वाहन कुठलं, माहीत आहे? शेअर रिक्षा. "सात रस्ता, सात रस्ता! चला आसरा!" असं ओरडणारा रिक्षावाला मला कुठं उभं राहायचं तेही सांगतो आणि गाडी कुठं चालली तेही. मुंबई-सोलापूर वंदे भारतमध्ये सीटचा नंबर ब्रेलमध्ये बोटाला लागतो, डब्यात स्टेशनचं नाव ऐकू येतं. स्टेशनबाहेर पाऊल टाकल्यावर मला वाट दाखवतो तो त्या रिक्षावाल्याचा गळा.

एक विनंती वाचणाऱ्यांना. चौकात मी उभा दिसलो तर दंड धरून ओढू नका. तुमचा हेतू चांगला असतो, पण ओढलं की माझी दिशा जाते, आणि दिशा गेली की पुढचे दहा मिनिटं मी कुठं आहे ते मलाच कळत नाही. एकदा तर मला नको असलेल्या रस्त्यापलीकडं नेऊन सोडलं आणि तो भला माणूस निघूनही गेला. "कुठं चाललाव काका?" एवढं विचारा. मी तुमचा कोपर धरीन, तुम्ही अर्धं पाऊल पुढं चाला. तुमच्या कोपरातूनच मला पायरी, वळण, खड्डा सगळं कळतं.

दिवाळीनंतर आमच्या कोपऱ्यावरचा आठ मागांचा कारखाना बंद झाला. माग भंगारात गेले, आता तिथं फ्लॅट होणार म्हणतात. घरी येताना तो जाड आवाज यायचा तिथं सध्या वाळूचा ढीग आहे, त्याची जागा दर दोन दिवसांनी बदलते. मी आता चहाच्या गाड्यापासून चौतीस पावलं मोजतो, मग दोन मागांच्या घराची खटखट ऐकू येते. त्या घरातला मुलगा पुण्याला नोकरी शोधतोय.